पत्र्याचा आरसेमहाल

रविवार होता. चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आम्ही दोघेच होतो, आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेले सिक्युरिटीचे काका. मशिनं बंद, क्रेन एका टोकाला निवांत उभी. तिवईवर उभारलेल्या उंच काठीच्या टोकाला बॅटरीवर चालणारा वायफायचा एक ॲक्सेस पॉइंट बांधला होता आणि मी पंधरा-वीस पावलांवर रेंजचा मापक घेऊन उभा होतो. आकडा झकास होता. वहीत लिहायला म्हणून जरा कलंडलो, मापक दोन बोटं बाजूला सरकला आणि आकडा धाडकन कोसळला. आणखी दोन बोटं सरकवला, आकडा पुन्हा जागेवर.

दोन बोटं म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर. ‘रेंज’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दिव्याचा उजेड येतो, जवळ भरपूर आणि लांब जाईल तसा मंद. भर उजेडात दोन बोटांवर अंधार आणि त्याच्या पलीकडे पुन्हा उजेड, असा दिवा कुणी पाहिलाय? हे काम इतकी वर्षं करतोय, तरी तो आकडा कोसळताना पाहिला की दर वेळी मी तो मापक मुद्दाम पुन्हा मागे-पुढे करून बघतो. लहान मूल दिव्याचं बटण दाबत बसतं तसं.

रेंजमधल्या अशा खड्ड्यांचा शोध 1888 सालचा आहे. जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे हाइनरिश हर्ट्‌झ या तरुण प्राध्यापकाने व्याख्यानाच्या खोलीत एका भिंतीवर जस्ताचा मोठा पत्रा लावला आणि समोरून ठिणग्यांच्या यंत्राने विद्युतचुंबकीय लहरी सोडल्या. पत्र्यावर आपटून परतणारी लहर येणाऱ्या लहरीत मिसळली आणि खोलीत ठरावीक अंतरांवर उंचवटे आणि खड्डे जणू गोठून उभे राहिले. हातात तारेचं एक कडं घेऊन हर्ट्‌झ खोलीभर फिरला. काही जागी कड्याच्या फटीत बारीकशी ठिणगी दिसे, काही जागी काहीच नाही. त्या जागांमधलं अंतर मोजून त्याने लहरीची लांबी काढली. खोलीतले लोखंडी खांब आणि शेगडी मध्येच लुडबुड करून त्याची मोजमापं बिघडवत होती, हेही त्याने नोंदवून ठेवलंय.

त्याच्याकडे एक पत्रा होता. आमच्या शेडला जस्ताचा मुलामा दिलेले शेकडो पत्रे आहेत, छताला आणि चारी भिंतींना. लोखंडी खांब तर मोजायलाच नको. हर्ट्‌झची लहर काही मीटर लांबीची होती. वायफायच्या जुन्या पट्ट्यातली, 2.4 गिगाहर्ट्‌झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी मोठी. दोन खड्ड्यांमधलं अंतर तिच्या निम्मं, सहा सेंटिमीटर. उंचवट्यापासून खड्ड्यापर्यंत त्याच्याही निम्मं. आली दोन बोटं.

अनेक इमारतींच्या कारखान्यात वायरलेस नेटवर्क आखायचं म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी सांगतो, काही तास लहरीच्या डोळ्यांनी कारखाना बघायचा. आपल्याला दिसतो त्याहून तो फार वेगळा दिसतो. पत्रा म्हणजे आरसा. विटांची भिंत म्हणजे धुरकट काच, सळईचं जाड काँक्रीट म्हणजे काळी काच. पुठ्ठ्याचे रिकामे खोके जवळजवळ दिसतच नाहीत. ऑफिसच्या खिडकीला ऊन अडवणारी धातूचा थर असलेली फिल्म लावली असेल, तर आपल्याला तिच्यातून अख्खं आवार दिसतं आणि लहरीला मात्र तिथे भिंत लागते. पाणी म्हणजे अंधार. आणि शिफ्ट सुटताना पंचिंग मशिनपाशी रांगेत उभी असलेली शंभर माणसं म्हणजे चालत्या-बोलत्या शंभर पखाली.

या सगळ्यातून शेवटी हाती किती लागतं? सर्वसाधारण ॲक्सेस पॉइंट हवेत साधारण 100 मिलिवॅट ऊर्जा सोडतो. देवघरातला अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा त्याच्या पाचपट वीज खातो. आखणी करताना आम्ही स्कॅनरपर्यंत जी पातळी पोचायला हवी असं धरतो, तिला आमच्या भाषेत ‘उणे सदुसष्ट’ म्हणतात. वॅटमध्ये सांगायचं तर एका नॅनोवॅटचा पाचवा हिस्सा. म्हणजे निघालेल्या ऊर्जेच्या 50 कोटी भागांतला एक भाग पोचला तर आम्ही ‘रेंज उत्तम’ असा शेरा मारतो. बाकीचे एक कमी पन्नास कोटी भाग पत्रे, माणसं, तेलाची पिंपं आणि मोकळं आकाश वाटून घेतात. एवढ्या चिमूटभर ऊर्जेतून हातातला स्कॅनर बारकोडचा एकेक अंक बिनचूक पोचवतो, हे मला कारखान्यातल्या कुठल्याही अजस्र प्रेसपेक्षा जास्त थक्क करतं.

आता आरशांचा त्रास बघा. समोरून थेट आलेली लहर पहिली पोचते. छतावर आपटून आलेली जरा उशिरा, लांबच्या भिंतीवरून फिरून आलेली त्याहून उशिरा. एकच शब्द पाच-सहा वेळा, थोड्याथोड्या अंतराने. विजापूरच्या गोलघुमटात कुणी भरभर बोलायला लागलं तर काय होईल? आधीच्या शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर चढेल. शहाणा माणूस एक शब्द उच्चारेल, घुमणं विरू देईल, मग पुढचा. वायफाय हेच करतं. प्रत्येक चिन्हानंतर ते जरा थांबतं, जुन्या पद्धतीत 0.8 मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश 240 मीटर जातो. म्हणजे एखादा प्रतिध्वनी थेट वाटेपेक्षा 240 मीटर जास्तीचा फेरफटका मारून आला, तरी तो या विश्रांतीतच संपतो. वायफाय-6 मध्ये ही विश्रांती 3.2 मायक्रोसेकंदांपर्यंत वाढवता येते, जवळजवळ एक किलोमीटरचा फेरफटका. शांत बसायला इतका वेळ द्यायचा, तर वेग कसा टिकतो? त्यासाठी एकाच मोठ्या प्रवाहाऐवजी शेजारशेजारच्या अनेक बारीक वारंवारतांवर एकाच वेळी सावकाश बोलतात. प्रत्येक जण हळू, पण मिळून भरभर.

इथवर पत्रा शत्रूच होता. 2009 च्या वायफाय मानकाने त्याला कामाला लावलं. ॲक्सेस पॉइंटला दोन अँटेना द्यायच्या आणि दोघींवरून, त्याच वारंवारतेवर, एकाच क्षणी, वेगवेगळी माहिती सोडायची. घेणाऱ्याच्या दोन अँटेनांना दोन्हींची खिचडी ऐकू येते. पण दोघी जरा वेगळ्या जागी आहेत आणि प्रतिध्वनींमुळे दोघींच्या खिचडीतलं प्रमाण वेगळं आहे. दोन अज्ञात आणि दोन समीकरणं. दहावीला बीजगणिताच्या पुस्तकात सुरुवातीलाच असलेली एकसामयिक समीकरणं आठवतात? नेमकी तीच. स्कॅनरमधली चिप ती सेकंदाला लाखो वेळा सोडवून दोन्ही संदेश वेगळे करते.

खरी गंमत पुढे आहे. मोकळ्या माळावर, जिथे प्रतिध्वनीच नाहीत, तिथे दोन्ही अँटेनांना जवळपास सारखीच खिचडी मिळते. दोन्ही समीकरणं एकसारखी झाली की ती सुटत नाहीत, हे दहावीतच शिकवलेलं असतं. म्हणजे ज्या आरसेमहालाने माझ्या मापकाला दोन बोटांवर खड्ड्यात पाडलं, त्याच आरसेमहालामुळे समीकरणं वेगळी राहतात आणि वेग दुप्पट होतो. हर्ट्‌झची लुडबुडी शेगडी आता पगारावर आहे.

आखणीची सुरुवात मात्र इतकी रोमहर्षक नसते. इमारतींचा नकाशा सॉफ्टवेअरमध्ये घालायचा, भिंती कशाच्या ते सांगायचं, आणि ते लाल-पिवळा-हिरवा असा एक अंदाजी नकाशा काढून देतं. कुणाला नेटवर्क कशासाठी हवंय ते विचारायचं. स्टोअरला स्कॅनर, डिस्पॅचला टॅब, फोर्कलिफ्टवर पडदे, क्वालिटीला लॅपटॉप, आणि मॅनेजर लोकांना सगळं. सीसीटीव्ही शक्यतो वायरवर ठेवा म्हणून हात जोडायचे. हे सगळं दोन दिवसांत उरकतं.

पण सॉफ्टवेअरला एक गोष्ट कळत नाही. कारखाना ही इमारत नसते, ती दिनचर्या असते. सकाळचा कारखाना आणि रात्रीचा कारखाना या लहरीच्या लेखी दोन वेगळ्या वास्तू आहेत. एका ठिकाणी आम्ही डिस्पॅच यार्ड तपासलं, चोख रेंज. महिन्याभरात तक्रार आली की रात्रपाळीला गाड्या ‘आउट’ होत नाहीत, स्कॅनर फिरत बसतो, दिवसा मात्र काही अडचण नाही. दोनदा जाऊन पाहिलं, दोन्ही वेळा दिवसा. काही सापडेना. तिसऱ्यांदा रात्री गेलो. दहा वाजता एका कामगाराने सवयीने साखळी ओढली, शेडचं शटर खडखडत खाली आलं आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा मेला. यार्डात स्वतःचा ॲक्सेस पॉइंट नव्हताच. शेडमधला उजेड उघड्या शटरातून अंगणात सांडत होता आणि आम्ही तो यार्डाचा समजून नकाशा हिरवा रंगवला होता. लोखंडी शटर पडलं, म्हणजे आरशाचा दरवाजा लागला. दोष आमचाच होता. यार्डाच्या खांबावर एक जास्तीचा ॲक्सेस पॉइंट लागला आणि त्याचं बिल आम्हीच सोसलं.

स्टोअरची तऱ्हा तीच. रॅक रिकामे असताना केलेला सर्व्हे रॅक भरल्यावर कामाला येत नाही. भरलेल्या रॅकमधली गल्ली लोखंडी बोळासारखी होते. शेजारच्या गल्लीत लखलखाट असला तरी इथे काळोख असू शकतो. म्हणून तिथे चारी दिशांना फेकणारा ॲक्सेस पॉइंट न लावता गल्लीच्या तोंडाशी टॉर्चसारखी एका दिशेला फेकणारी अँटेना लावतात. शीतगृहाची खोली असेल तर तिला दोन्हीकडून पत्र्याचं अस्तर असतं. तिच्या आत बाहेरची लहर शिरायचं नाव काढत नाही. धातूच्या पेटीच्या आत बाहेरची वीज पोचत नाही हे मायकेल फॅरेडेने 1836 मध्येच दाखवलं होतं, तेव्हा त्या खोलीला स्वतःचाच दिवा द्यायचा आणि वाद घालत बसायचं नाही.

हवा सगळ्यांची एकच आहे, हा पुढचा पेच. वायफायचा 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा मुळात बोलण्यासाठी दिलेलाच नव्हता. 1947 मध्ये अटलांटिक सिटीतल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी बाजूला काढले गेले. तापवा, सुकवा, वितळवा, पण गोंगाट याच पट्ट्यात करा, असा त्याचा अर्थ. थोडक्यात गावाबाहेरची उकिरड्याची जागा. 1985 मध्ये अमेरिकेने त्या जागेत कमी शक्तीच्या संदेशयंत्रांना विनापरवाना बसायची मुभा दिली, 1997 मध्ये वायफायचं पहिलं मानक आलं, आणि आपल्याकडे जानेवारी 2005 मध्ये हा पट्टा परवानामुक्त झाला. 5 गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टा घराबाहेरही मोकळा व्हायला 2018 उजाडलं. उद्योगांच्या गोंगाटासाठी सोडलेल्या जागेत वायफायने संसार थाटला आणि आता ते त्याच उद्योगांत शांतता शोधत फिरतंय.

तो मूळचा गोंगाट अजून भेटतो. ऑफिसच्या पॅन्ट्रीत डबे गरम करायचा मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात चालतो. तो पट्टा पाण्याच्या रेणूची खास वारंवारता आहे, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते खरं नाही. पाण्याचे रेणू त्याहून कितीतरी मोठ्या पल्ल्यात ऊर्जा खातात. जेवणाच्या सुट्टीत जवळपासचं 2.4 चं नेट रखडतं ते या भट्टीच्या दारातून झिरपणाऱ्या थोड्याशा लहरीमुळे. पण तिच्यातही एक मेख आहे. साध्या घरगुती मायक्रोवेव्हचा मॅग्नेट्रॉन विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागातच चालतो. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. म्हणजे साधारण 10 मिलिसेकंद गोंगाट आणि 10 मिलिसेकंद शांतता, सेकंदाला पन्नास वेळा. त्या शांततेच्या फटीतून वायफायचे छोटे संदेश सटकून जातात. कुणाची पोळी-भाजी फिरत असताना भट्टीच्या श्वासांच्या मधून माहिती जाते आहे, हे कळल्यापासून मी पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हकडे जरा आदराने बघतो.

एकाच चॅनलवरच्या सगळ्या यंत्रांपैकी एका वेळी एकानेच बोलायचं, हा वायफायचा नियम. तो मोडला तर दोघांचंही बोलणं वाया. पण कुणी बोलायचं हे सांगायला इथे सभापती नाही. प्रत्येक यंत्र आधी कान देतं. हवा शांत झाली की लगेच तोंड उघडत नाही. मनाशी एक आकडा धरतं, सुरुवातीला 0 ते 15 मधला कुठलाही, आणि उलटे आकडे मोजतं. एक आकडा म्हणजे नवीन पद्धतीत 9 मायक्रोसेकंद. ज्याचा शून्य आधी येईल तो बोलतो, बाकीचे मोजणं थांबवून ऐकतात. दोघांचे आकडे सारखे निघून टक्कर झालीच, तर पुढच्या खेपेला दोघंही 0 ते 31 मधला आकडा धरतात, मग 63 पर्यंतचा. जितकी गर्दी, तितका संयम. आपल्याकडच्या चौकाचौकात हा नियम लागू झाला तर काय बहार येईल, हा विचार चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकल्यावर हमखास येतो.

या शिस्तीचा उगम हवाईच्या बेटांवर आहे. नॉर्मन एब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये तिथल्या विद्यापीठात अलोहानेट नावाचं रेडिओ जाळं सुरू केलं. बेटाबेटांवरच्या टर्मिनलांनी वाटेल तेव्हा बोलायचं, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोलायचं, एवढाच नियम. ऐकून मग बोलण्याची रीत त्यात नव्हती, त्यामुळे फार तर 18 टक्के वेळ सत्कारणी लागे. कारखान्याच्या पाच शेड म्हणजे तशीच पाच बेटं. आणि ऐकून बोलण्याची रीत असली तरी तिला एक भोक आहेच. रॅकच्या अलीकडची फोर्कलिफ्ट आणि पलीकडची फोर्कलिफ्ट, दोघींनाही वरचा ॲक्सेस पॉइंट ऐकू येतो, पण मध्ये लोखंड असल्याने एकमेकी ऐकू येत नाहीत. दोघींना वाटतं, हवा शांत आहे. दोघी एकदम बोलतात.

एका चॅनलवरची गर्दी कमी करायला शेजारच्या ॲक्सेस पॉइंटना वेगवेगळी चॅनलं देतात. नकाशावरची शेजारची राज्यं वेगळ्या रंगांत रंगवायला चार रंग कायम पुरतात, हे 1976 मध्ये ॲपेल आणि हाकेन या गणितज्ञांनी संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं. आमच्याकडे 2.4 च्या पट्ट्यात एकमेकांवर न सांडणारे रंग तीनच: 1, 6 आणि 11. म्हणायला चॅनलं तेरा आहेत, पण ती इतकी खेटून बसवली आहेत की एकाचा आवाज दोन्ही बाजूंच्या चार-चार शेजाऱ्यांना ऐकू जातो. तीन रंगांत सपाट नकाशाच रंगत नाही, मग वर मेझनाइन असलेली शेड कशी रंगणार? म्हणून महत्त्वाचं काम 5 गिगाहर्ट्‌झवर न्यायचं, तिथे रंग वीसच्या वर आहेत. विकणारे लोक दोन-चार चॅनलं जोडून रुंद रस्ता करा म्हणजे वेग वाढेल असं सांगतात. घरात ठीक आहे. कारखान्यात मी अरुंद रस्तेच घेतो, कारण बारकोडला आठ पदरी महामार्ग लागत नाही, त्याला मोकळी पायवाट लागते.

रेंज कमी पडली की पहिली सूचना येते, “साहेब, पॉवर फुल करून टाका ना.” कारखान्यात ही सूचना जितकी लोकप्रिय, तितकीच घातक. ॲक्सेस पॉइंट ओरडून बोलला तर लांबच्या स्कॅनरला ऐकू येईल, खरं आहे. पण स्कॅनरच्या चिमुकल्या बॅटरीचा आवाज तितका मोठा नाही, त्याचं उत्तर परत पोचत नाही. मग पडद्यावर पूर्ण काड्या दिसतात आणि काम एकही होत नाही. वर तो आरडाओरडा पुढच्या दोन शेडपर्यंत जातो आणि तिथल्यांना मुकाट बसवतो. शिवाय फोर्कलिफ्टचं यंत्र एक ॲक्सेस पॉइंट सोडून दुसऱ्याला कधी धरायचं हे स्वतःच ठरवतं, आणि पहिल्याचा आवाज दूरवर येत राहिला की ते त्याचा पदर सोडतच नाही. ताशी 10 किलोमीटरने जाणारी फोर्कलिफ्ट दोन दिव्यांच्या सामाईक उजेडाचा दहा मीटरचा पट्टा साडेतीन सेकंदांत ओलांडते. हात बदलायला तेवढाच वेळ. त्यामुळे पुष्कळ दिवे लावायचे आणि सगळे मंद ठेवायचे.

आणि या वायरलेस नेटवर्कचं सर्वांत मोठं काम वायरचं असतं. छतावरच्या प्रत्येक ॲक्सेस पॉइंटला एक केबल जाते, तिच्यातूनच माहिती आणि तिच्यातूनच वीज. तांब्याच्या या केबलची मर्यादा 100 मीटर. एका शेडमध्ये ती कशीबशी पुरते, शेडपासून शेडपर्यंत नाही. पुरली तरी घालू नये. प्रत्येक इमारतीचं अर्थिंग वेगळं, आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज कोसळली की दोन अर्थिंगमधला फरक त्या तांब्यातून धावतो आणि दोन्हीकडचे स्विच जाळतो. काचेच्या तंतूतून वीज जात नाही. म्हणून इमारतींच्या मध्ये जमिनीखालून फायबर. तिचा प्रकाश वाहणारा गाभा 9 मायक्रॉनचा, केसाच्या आठव्या हिश्शाएवढा. त्या गाभ्यासाठी आधी जेसीबी, मग चर, डक्ट, चेंबर आणि कुणाची तरी जुनी पाण्याची लाइन फुटल्यावरची बोलणी.

कधी खोदताच येत नाही. एका कारखान्याचे दोन प्लॉट होते आणि मध्ये सार्वजनिक रस्ता. रस्ता खोदायची परवानगी यायला वेळ होता, म्हणून दोन्ही गच्च्यांवर खांब उभारून समोरासमोर दोन डिश लावल्या. अंतर 300 मीटर. मार्च महिना. रस्त्याकडेला एक उंच गुलमोहर होता, पण तेव्हा त्याच्यावर वाळलेल्या काळ्या शेंगांखेरीज काही नव्हतं. आकाश आरपार दिसत होतं. लिंक पहिल्या झटक्यात जुळली आणि आम्ही पेढे खाऊन आलो.

दोन डिशमधली लहर ताणलेल्या दोरीसारखी जात नाही. ती तोंडल्यासारखी असते, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली. प्रकाशही असाच वागतो हे दोनशे वर्षांपूर्वी ऑग्युस्तें फ्रेनेल या फ्रेंच माणसाच्या गणिताने उलगडलं. तो नोकरीने रस्ते-पुलांचा इंजिनिअर होता. त्याच्या हिशेबाने आमचं तोंडलं 300 मीटर लांब आणि मध्यावर सुमारे चार मीटर जाड. दोन खांबांमधली सरळ रेषा मोकळी असून भागत नाही, त्या जाडीतला बराचसा भाग मोकळा लागतो. आमच्या तोंडल्याच्या पोटात गुलमोहराचा शेंडा होता.

जुलैत लिंक तुटू लागली. सगळ्यांनी पावसाला बोल लावला. आम्ही कनेक्टर उघडून पाणी शिरलंय का पाहिलं, टेप बदलला, डिश पुन्हा जुळवल्या. पाऊस निर्दोष होता. इतक्या कमी अंतरात आमच्या डिशच्या वारंवारतेला पावसाच्या थेंबांनी फरक पडत नाही. एका उघडिपीच्या सकाळी पाऊस नसतानाही आकडा पडलेलाच होता, तेव्हा गच्चीवरून समोर बघितलं. मार्चमधलं मोकळं आकाश हिरवंगार झालं होतं. हजारो बारीक पानं, प्रत्येकात पाणी, प्रत्येकावर पाणी, आणि वाऱ्याने सगळी हलत होती.

खांब तीन मीटर उंच केले आणि काम निभावलं. पुढे परवानगी आली, रस्त्याखालून फायबर गेली आणि डिश उतरवल्या. गुलमोहर तिथेच आहे. आमच्या सर्व्हेच्या फॉर्मवर मात्र तेव्हापासून एक रकाना वाढला आहे: वाटेतली झाडं, जात आणि पानगळीचा महिना.